तो मळ नव्हता, सीटचाच रंग होता

मागच्या उन्हाळ्यात मी एक वापरलेली जर्मन गाडी घेतली. आयुष्यातली पहिली महागडी गाडी, त्यामुळे कोणीही काहीही सांगावं आणि मी ऐकावं अशी अवस्था. सीट फिकट तपकिरी. ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा फुगवटा चढता-उतरता घासून जरा भेगाळला होता. वर्धा रोडकडच्या एका डिटेलिंगवाल्याने (गाडी आतून-बाहेरून साफ करून चमकवणारा) बघताच सांगितलं, "भाऊ, लेदर तहानलं आहे. आपल्या नागपूरचं ऊन, यंदा फाटूनच जाईन." लेदरला तेल, वर सिरॅमिक कोटिंग म्हणजे संरक्षक थर, दोन वर्षांची गॅरंटी. 18,000 रुपये.

मी निघणारच होतो. तेवढ्यात तिथल्या पोराने पांढऱ्या फडक्यावर बाटलीतलं काहीतरी घेतलं, सीटवर चारदा घासलं आणि फडकं माझ्या नाकासमोर धरलं. तपकिरी! "पाहा, किती मळ." मला लाजच वाटली. फोटो काढून बायकोलाही पाठवला, आणि पैसे मोजले.

गाडी आली ती चकचकीत. बसलं की पँट चिकटायची, पण म्हटलं नवीन आहे. मे लागला, पारा 45 वर, गाडी दिवसभर सिव्हिल लाइन्समध्ये उन्हात. तीन आठवड्यांत फुगवट्याचे पापुद्रे सुटले. जाब विचारला तर म्हणे तुमच्या जीन्समुळे. बिलावर नुसतं 'इंटिरियर क्लीनिंग', गॅरंटी सगळी तोंडी.

शेवटी महालातल्या एका म्हाताऱ्या कुशनवाल्याला दाखवलं. फडक्याचा फोटो पाहून तो हसलाच. "मळ काळपट निघते भाऊ. हा तुमच्या सीटचाच रंग होय. थिनर मारला त्यानं."

गाड्यांच्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. आपला हात चामड्याला लागतच नाही. तेल लावलं तरी ते आत फारसं मुरत नाही, वरच चिकटून धूळ धरतं. थिनरने माझे दोन्ही थर खरवडले गेले, वरून स्प्रे मारला आणि तो उन्हात सुटला. हवेशीर सीटची बारीक भोकंही रंगाने बुजली.

मग त्याने पाठीमागचं कव्हर जरा सोडवून उलटं केलं. आत चामड्याची लव नाही, विणलेलं कापड. म्हणजे रेक्झीनला तेल पाजायचे पैसेही मी दिले होते! महागड्या गाड्यांत हे सर्रास असतं. मर्सिडीजचं आर्टिको, बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक कृत्रिमच आहे.

काय लावू विचारलं, तर म्हणाला ओलसर मायक्रोफायबर, डागाला लेदरचं सौम्य क्लीनर, तेही आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघायचं. आणि काचेला पडदा. वरून कव्हर शिवून दे म्हटलं, तर त्याने सीटच्या कडेला शिवलेली 'एअरबॅग'ची चिंधी बोटात धरून दाखवली. "ही उघडायची जागा होय. इथं मी टाका नाही मारत."

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, फडक्याच्या फोटोसकट.