घरच्या नेटवर्क लॅबसाठी राउटर: जुना सिस्को १८४१ की मायक्रोटिक हेक्स?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नेटवर्कची नोकरी हवी आणि त्यासाठी सीसीएनए ही सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा द्यायची, तर जुना १८४१ घ्या. परीक्षेतल्या आयओएसच्या (सिस्कोच्या राउटरमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) कमांड त्यावरच बोटांत बसतात. मात्र पोर्ट दोनच, तेही १०० एमबीपीएसचे. पंख्याचा आवाज नाशिकच्या शांत रात्री नक्की जाणवतो. संगणकावरून राउटरला थेट कमांड देण्यासाठी लागणारी कन्सोल केबल सोबत मागून घ्या, तिचा वेग ९६०० बॉड ठेवा. जुना पासवर्ड निघाला, तर रॉममॉनमध्ये (राउटर सुरू होतानाच्या दुरुस्ती मोडमध्ये) कॉन्फिग रजिस्टर 0x2142 करून राउटर रीसेट म्हणजे रीस्टार्ट करा; मग तो साठवलेलं कॉन्फिग न वाचता सुरू होतो. नंतर स्टार्टअप (साठवलेलं) कॉन्फिग रनिंग (चालू) कॉन्फिगमध्ये आणून नवा पासवर्ड द्या, रजिस्टर परत 0x2102 करा आणि सेव्ह करा. इथे बरेच जण अडकतात: इंटरफेस (पोर्ट) बंदच राहतात, प्रत्येकावर ‘नो शटडाउन’ द्यावं लागतं.

हेक्स छोटा, बिनआवाजाचा. पाच गिगाबिट पोर्ट. ओएसपीएफ, बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायचे प्रोटोकॉल), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग) सगळं होतं, फक्त कमांड वेगळ्या. पहिल्या पोर्टवर ओएसपीएफचा शेजारी दिसत नसेल, तर मूळ फायरवॉल लॅनबाहेरून आलेली पॅकेट टाकून देत असते. डीफॉल्ट कॉन्फिगरेशनशिवाय रीसेट करा. मग आयपी नसेल, मायक्रोटिकच्या विनबॉक्स या प्रोग्रॅममधून मॅक पत्त्याने (पोर्टच्या हार्डवेअर पत्त्याने) जोडा.

परीक्षा द्यायची नसेल तर आमची पसंती हेक्सला, पण दोन घ्या. एका राउटरवर राउटिंग प्रोटोकॉल शिकता येत नाही.