१९३९चा रुपया: लिस्टिंगमध्ये जे लिहिलेलं नसतं

'जॉर्ज सहावा, एक रुपया, १९३९, चांदी. अतिदुर्मिळ. फोटोत दिसतं तसं. रिटर्न नाही. बोली ९९ रुपयांपासून.'

जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात अशा जाहिराती वरचेवर दिसतात आणि माणसं त्यात फसतात. यात खोटं काय लिहिलंय ते शोधायला जा, हाती फार काही लागत नाही. फोटोतल्या नाण्यावर राजाचं डोकं आहे, तारीख १९३९ आहे, रंग चांदीचा आहे. पण नाण्याचं वजन दिलेलं नाही, व्यास नाही, कडेचा फोटो नाही. 'अस्सल' हा शब्दही कुठे नाही. पार्सल आल्यावर खरेदीदार सराफाकडे जातो, तोंड पाडून परत येतो आणि विक्रेत्याला मेसेज करतो. उत्तर ठरलेलं असतं: "फोटोत होतं तेच पाठवलंय ना?"

१९३९चाच रुपया का, हे आधी समजून घ्यावं लागतं. जॉर्ज सहाव्याच्या रुपयांपैकी १९३८ आणि १९३९ या दोन तारखांचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे आहेत. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. वजन मात्र तेच राहिलं, ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशोबाने बरोबर एक तोळा. यातले १९३८चे रुपये आजही सहज मिळतात, १९३९चे क्वचितच. अस्सल नाणं निघालं तर बोली लाखाच्या पुढे जाऊ शकते. एका अंकाच्या फरकावर एवढे पैसे लटकलेले असले की त्या अंकावर कारागिरी होणारच.

ही कारागिरी तीन तऱ्हांची. सगळ्यात हुशार तऱ्हा म्हणजे १९३८चं खरं नाणं घेऊन ८चा ९ करायचा. आठाच्या खालच्या गोळ्याची डावी बाजू सुईने खरवडली की काम झालं. धातू खरा, वजन खरं, चेहरा खरा. वजनकाटा इथे काही बोलत नाही. दहापट भिंग घ्या, दिवा बाजूला तिरका धरा आणि शेवटच्या अंकाभोवतीची जमीन बघा. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर अंकाच्या आत-बाहेर पृष्ठभाग सारखाच झिजलेला असतो. खरवडलेल्या जागी बारीक रेघा दिसतात, किंवा त्या घालवायला घासल्यामुळे तेवढाच ठिपका जास्त चमकतो. विक्रेत्याकडून तारखेचा जवळून घेतलेला, तिरक्या उजेडातला फोटो मागायचा तो यासाठी. सरळ फ्लॅश मारलेल्या फोटोत ही रेघ बुडून जाते.

दुसरी तऱ्हा १९४० नंतरच्या स्वस्त रुपयावर तारीख बदलण्याची. अंक कितीही सफाईने केला तरी ती कडेवर पकडली जाते. १९३८-३९च्या रुपयाची कड साधी दातेरी आहे, सरळ उभे दाते. १९४० पासूनच्या रुपयाला सुरक्षा कड दिली गेली. त्यात दात्यांच्या मधून नाण्याभोवती एक खोलगट पट्टी फिरते आणि त्या पट्टीत नक्षी असते. कारागीर कड बदलत बसत नाही, तो कडेचा फोटोच देत नाही. म्हणून 'कडेचे फोटो पाठवा, तीन ठिकाणी फिरवून' एवढा एक मेसेज टाकून बघायचा. 'नाणं लॉकरमध्ये आहे', 'कॅमेरा नीट नाही', 'बघून बोली लावा, जबरदस्ती नाही' असं काही आलं की तिथून उठायचं.

तिसरी तऱ्हा सरसकट नकलीची: जर्मन सिल्व्हर (नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसलेला, तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) किंवा तत्सम मिश्रधातूतलं, साच्यात ओतलेलं नाहीतर नव्या ठशाने पाडलेलं नाणं. ओतीव नाण्यावर केसांच्या बटा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गुळगुळीत दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, कडेवर साच्याचा जोड घासून काढल्याची खूण असते. ठशाने पाडलेलं जास्त फसवं. तिथे वजन आणि आकारमान एकत्र बघावं लागतं.

वाजवून बघण्यावर फार विसंबू नका. 'खणखणीत नाणं' हे शब्द भाषेत आले ते दगडावर रुपया आपटून पारखायच्या दिवसांतून, पण तेव्हाचा सराफ दिवसाला शेकडो रुपये वाजवत असे. आपला कान तितका तयार नसतो. चुंबकही अर्धवटच कामाचं. चिकटलं तर चांदी नाही हे नक्की, पण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही.

खात्रीचा उपाय पाण्यातल्या वजनाचा, आणि तो घरी होतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि भिंतीला टेकणार नाही असं लटकत धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. येते ती घनता. ९१.७ टक्के चांदीचा ११.६६ ग्रॅमचा रुपया पाण्यात १.१३च्या आसपास दाखवतो, म्हणजे घनता सुमारे १०.३. ५० टक्के चांदीचा १.२२ दाखवतो, घनता साडेनऊ. जर्मन सिल्व्हरचा १.३४च्या पुढे जातो. नाणं झिजून ११.४ ग्रॅमवर आलं असलं तरी भागाकार तोच राहतो, हा या पद्धतीचा फायदा. हीच गोष्ट उलटीही बघता येते. अस्सल रुपयाच्या नेमक्या आकाराचा जर्मन सिल्व्हरचा तुकडा जेमतेम ९.८ ग्रॅम भरतो. वजन जुळवायचं तर नकली नाणं जवळपास पाचव्या हिश्श्याने जाड करावं लागतं, आणि ते अस्सल रुपयाशेजारी उभं धरलं की नुसत्या डोळ्याला दिसतं. एक साधा १९३८चा रुपया घरी असावा तो यासाठीच.

आता शब्दांकडे. नाण्यांच्या लिस्टिंगमध्ये काही शब्द ओळीने पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. 'शिवकालीन टाइप' यातला 'टाइप' हा सगळ्यात महागात पडणारा. शिवराई शिवाजी महाराजांनी सुरू केली हे खरं, पण 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं घेऊन ती पुढे पेशवाईतही पडत राहिली. बाजारात ढिगाने मिळणारी दुदांडी शिवराई, म्हणजे अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, उत्तर पेशवाईतली आहे. ती खोटी नाही, पण महाराजांच्या हयातीतली म्हणून विकली की फसवणूकच. भावनेला हात घालून भाव वाढवायचा हा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो, आणि तक्रारही कोणी करत नाही, कारण देव्हाऱ्यात ठेवलेलं नाणं खोटं म्हणायला जीभ रेटत नाही.

१८१८ सालची, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली 'हाफ आना' किंवा 'वन आना' तांब्याची नाणी, मागे रामदरबार किंवा हनुमान: कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ही अलीकडे बनवलेली काल्पनिक टोकनं आहेत. पूजेसाठीच्या रामटंका ही वेगळी आणि खरी परंपरा आहे, पण त्याही चलन नव्हत्या. कोणी यातल्या नाण्याने तांदूळ ओढून दाखवला तर खिशावर हात ठेवून बाहेर पडा. 'राइस पुलर', म्हणजे तांदूळ खेचणारं चमत्कारी नाणं, या नावाने देशभर गुन्हे नोंदले गेले आहेत.

'१८६२चा राणीछाप, दीडशे वर्षं जुना, दुर्मिळ' यातला जुना हा शब्द खरा, दुर्मिळ हा नाही. १८६२ ही तारीख गोठवून तीच पुढे १८७४ पर्यंत रुपयांवर छापली जात होती, त्यामुळे हे नाणं मुबलक आहे. किंमत ठरते ती नाण्यावरच्या ठिपक्यांच्या बारीक फरकांवर आणि नाण्याच्या अवस्थेवर. '१९४७चा चांदीचा रुपया' तर सरळ खोटं. मागे वाघ असलेला तो रुपया शुद्ध निकेलचा आहे, चुंबकाला टपकन चिकटतो. आणि राजा-राणी छापाची जी १० ग्रॅमची चांदीची नाणी धनत्रयोदशीला सराफाकडे मिळतात, त्यांची चांदी खरी असते, पण ती नाणी नव्हेत. ११.६६च्या जागी गोल १० आकडा दिसला की समजून घ्यावं.

फोटो उसना आहे का हे बघायला इमेज सर्च पुरतो. अनेकदा तोच फोटो एखाद्या जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सापडतो. यावर उपाय म्हणून विक्रेत्याला आजची तारीख आणि आपलं नाव लिहिलेल्या चिठ्ठीवर नाणं ठेवून फोटो मागावा. प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या लेबलसह आलेलं नाणं सुरक्षित, हा समजही अर्धाच खरा. डबीवरचा क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो, पण नकली डब्यांवर खरे क्रमांक छापलेले सापडतात. वेबसाइटवर त्या नाण्याचा फोटो असेल तर ओरखडे आणि डाग एकेक करून जुळवायचे. क्रमांक जुळला एवढ्यावर थांबायचं नाही.

बोलीतली फसवणूक लिस्टिंगपेक्षा जुनी आहे. ९९ रुपयांपासून सुरू झालेलं नाणं विक्रेत्याचाच मित्र वर चढवत नेतो. ईबेवर बोलीच्या इतिहासात नावं झाकलेली असली तरी एखाद्या खात्याच्या गेल्या ३० दिवसांतल्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे होत्या, ते दिसतं. तो आकडा शंभराकडे झुकला तर आपण एकटेच खेळतोय असं समजावं. २०१८ साली ईबेची भारतातली साइट बंद झाली. आज इथली बरीच हौशी बोली व्हॉट्सअॅप आणि फेसबुक ग्रुपवर लागते, आणि तिथे असा आकडाही नसतो. लिलाव हरल्यावर दुसऱ्या दिवशी 'पहिला खरेदीदार मागे हटला, तुम्ही लावलेल्या शेवटच्या बोलीला देतो' असा मेसेज आला, तर तो पहिला खरेदीदार कधी अस्तित्वात नव्हता ही शक्यता धरून चाला. मोठ्या लिलावगृहांचा प्रश्न वेगळा: तिथे बोलीच्या रकमेवर खरेदीदाराकडून कमिशन आणि त्यावर कर लागतो. हे टक्के नियमावलीत असतात, लॉटच्या (लिलावातल्या त्या वस्तूच्या) पानावर नसतात. आपली कमाल बोली तेवढी आधीच कमी करून ठरवावी.

पैसे देताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की वस्तू बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. 'रिटर्न नाही' लिहून ही जबाबदारी टळत नाही. पण हे नियम वैयक्तिक पातळीवर, धंदा म्हणून नव्हे, एखादी वस्तू विकणाऱ्याला लागू नाहीत. ग्रुपवर दर आठवड्याला पन्नास नाणी विकणारा माणूसही 'घरचा संग्रह काढतोय' असं का लिहितो, ते इथे कळतं. त्याच्या आधीच्या लॉटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. धंदा आहे हे त्यावरून दाखवता येतं.

स्क्रीनशॉट बोली लावण्याआधीच घ्यायचे, कारण विक्री झाली की लिस्टिंगचा मजकूर बदलतो किंवा पोस्टच उडते. अनोळखी विक्रेत्याला यूपीआयने पूर्ण आगाऊ रक्कम देण्यापेक्षा कार्ड बरं. वाद झाला तर बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते. पार्सल आलं की न थांबवता एकच व्हिडिओ: आधी बंद पाकीट आणि पत्ता, मग फोडणं, मग नाणं काट्यावर, मग कड. मध्ये कापलेला व्हिडिओ पुरावा म्हणून लंगडा पडतो. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तर उपयोग. नाणं आलं पण खोटं निघालं, अशा प्रकरणात ग्राहक हेल्पलाइन १९१५ जास्त कामाची. पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी वाद आहे' असं ऐकायची तयारी ठेवा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी अर्ज द्या, पोच घेऊन.

विकणाऱ्यांनाही वेगळा सापळा आहे. २०१२चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना घेतो म्हणून फोन येतो, मग नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र. रिझर्व्ह बँक असं काही घेत-विकत नाही आणि कोणाकडून कमिशन मागत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

राहिली 'शेतात नांगरताना सापडली' ही कहाणी. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे कहाणी खोटी असेल तर नाणं बहुधा नकली आणि खरी असेल, पण कळवलेलं नसेल, तर व्यवहारच बेकायदा. परदेशातल्या मराठी खरेदीदारांसाठी आणखी एक गाठ: १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. मग विक्रेता पाकिटावर 'धातूचं स्मृतिचिन्ह' असं लिहून पाठवतो. कस्टममध्ये अडकलं तर पैसे गेले, आणि पोचून नकली निघालं तर त्याचं उत्तर पाकिटावर आधीच छापलेलं असतं: स्मृतिचिन्हच तर पाठवलं होतं.