एनॉक्सापॅरिनची रोजची सुई: गरोदरपणभर वापरून झाल्यावर

काय वापरलं: एनॉक्सापॅरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं, हेपरिनच्या गटातलं औषध) ४० मिलिग्रॅम, ०.४ मिलिलिटरची आधीच भरून येणारी सिरिंज. दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, स्वतःच्या हाताने. कारण: आधीचे गर्भपात आणि त्यानंतर निघालेला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे रक्तात सहज गुठळ्या होण्याचा आणि गर्भ न टिकण्याचा आजार. सोबत कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन. गरोदरपणाची टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर लगेच सुरू केलं, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी थांबवलं.

सगळ्याजणी विचारतात तो प्रश्न आधी उरकते. दुखतं का? सुई आत जाताना फारसं नाही. ती २७ गेजची, अर्ध्या इंचाची असते. रक्त काढायच्या सुईपेक्षा बरीच बारीक. झोंबतं ते औषध आत शिरताना आणि नंतरची काही मिनिटं, मुंगळा चावल्यासारखं. मग थांबतं. खरी अडचण वेगळीच आहे. दवाखान्यात इंजेक्शन घेताना आपण तोंड फिरवतो. इथे ते जमत नाही. हात आपलाच, पोट आपलंच, आणि त्याच पोटात बाळ. टोपण काढल्यावर सुई कातडीपासून बोटभर अंतरावर धरून मी सुरुवातीला नुसती बसून राहायचे.

या काळात ‘धीर धर’, ‘बाळासाठी एवढं करशीलच’, ‘आई होणं सोपं नसतं’ अशी वाक्यं पोत्याने मिळाली. कामाला एकही आलं नाही. कामाला आलं ते एका सिस्टरने जाता जाता सांगितलेलं: “स्पिरिट पूर्ण वाळू द्या, मग टोचा.” ओलं स्पिरिट सुईबरोबर कातडीत जातं आणि फुकटची आग होते. ते वाळेपर्यंत थांबायला लागल्यापासून निम्मा त्रास कमी झाला. धीर माझ्याकडे आधी होता तेवढाच नंतरही होता. म्हणून हा अनुभव लिहिताना हिमतीबद्दल कमी आणि हाताच्या कामाबद्दल जास्त लिहिणार आहे.

चिमूट. सगळं तिच्यावर आहे. बेंबीपासून किमान दोन इंच लांब, पोटाच्या बाजूची कातडी अंगठा आणि तर्जनीत धरायची. नुसती वरची पातळ कातडी नको, खालच्या चरबीसकट चांगली जाड घडी हवी. सुई सरळ, नव्वद अंशांत, पूर्ण आत. तिरकी नाही. औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. मध्येच सुटली तर सुई हलते आणि दुखतं. दट्ट्या सावकाश दाबायचा. मी मनात दहापर्यंत मोजायचे, औषध झोंबायला लागलं की तिथेच थांबून पुन्हा पुढे. घाईत दाबलं त्या दिवशी डाग हमखास मोठा.

सिरिंजमध्ये एक हवेचा बुडबुडा दिसतो. आयुष्यभर सिनेमात सुईतून हवा काढताना पाहिलेलं असल्यामुळे तो काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. पूर्ण मात्रा घ्यायची असेल तर तो तिथे मुद्दामच ठेवलेला असतो, काढायला गेलं की औषधाचे थेंबही वाया जातात. सुई खाली करून धरली की बुडबुडा वर दट्ट्याकडे जातो आणि औषधाच्या मागून शेवटी आत येतो. कातडीखाली एवढी हवा गेल्याने काही होत नाही. सिरिंजमधलं थोडंच औषध घ्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. ते कसं मोजायचं हे समोर बसवून दाखवायला सांगा.

आणि नंतर चोळायचं नाही. कापूस नुसता दाबून धरायचा. हे इतकं सोपं आहे, तरी एकदा एका दवाखान्यात मला टोचणाऱ्या सिस्टरने सवयीने ती जागा खसाखसा चोळली आणि तिथला जांभळा डाग आठवडाभर गेला नाही.

डागांबद्दल कोणी आधी नीट सांगत नाही. ते पडतातच. नीट टोचलं तरी पडतात, फक्त कमी आणि लहान. जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, आणि तोवर शेजारी नवा तयार. काही ठिकाणी वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागायच्या. त्यावर पुन्हा टोचायचं नाही, त्या हळूहळू विरतात. जागा बदलत राहण्यासाठी मी विषम तारखेला डावी बाजू, सम तारखेला उजवी असं ठरवलं. ३१ नंतर १ येते तेव्हा डावीला लागोपाठ दोनदा सोसावं लागतं, तेवढं चालवून घेतलं. खाज येणारे, लालसर, पसरट चट्टे उठले तर मात्र तो साधा डाग नव्हे. औषधाची अ‍ॅलर्जी असू शकते, डॉक्टर याच गटातलं दुसरं औषध देऊ शकतात.

आता माझी मुख्य तक्रार. सूचनापत्रकातलं चित्र सपाट पोटाचं आहे. पहिले महिने ठीक. पुढे पोट वाढतं, कातडी ताणली जाते, आणि सातव्या महिन्यानंतर चिमटीत काही येईच ना. ज्या बाईला हे औषध महिनोन्‌महिने घ्यायचं असतं तिचंच पोट चित्रात नाही! मी शेवटी उशीला टेकून, अर्धवट आडवी होऊन, पार कुशीजवळची कातडी पकडायला शिकले. तिथे शेवटपर्यंत थोडीफार घडी मिळते. तीही मिळेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांना विचारून मांडीच्या बाहेरच्या बाजूला. मांडीला मला जरा जास्त दुखायचं, पण मन शांत राहायचं, कारण समोर बाळ नव्हतं.

बाळाला सुई लागेल ही भीती खुळी नाही, सगळ्यांना वाटते. कातडी, चरबी, स्नायू, गर्भाशयाची भिंत आणि मग पाणी, एवढं सगळं मध्ये आहे, आणि अर्ध्या इंचाची सुई चरबीतच थांबते. औषधाचंही तसंच. हेपरिनच्या गटातले रेणू मोठे असतात, ते वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाकडे जात नाहीत. गुठळ्या टाळण्यासाठीच दिली जाणारी वॉरफरिनची गोळी मात्र जाते आणि पहिल्या तिमाहीत बाळाच्या वाढीत दोष निर्माण करू शकते. गोळी सोडून रोज सुई का, याचं उत्तर हे आहे. मला हे कळलं तेव्हा सुईवरचा रागच गेला.

नवऱ्याने ‘मी देतो’ म्हणून पाहिलं. त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी मला स्वतः टोचणंच बरं वाटलं, कारण कुठे झोंबतंय, कधी थांबायचं हे आपल्याच हाताला लगेच कळतं. तरीही घरातल्या एकाला शिकवून ठेवा. उलट्यांनी बेजार झाल्यावर किंवा ताप असताना आपला हात चालत नाही.

किरकोळ गोष्टी भराभर. टोपण सरळ ओढून काढायचं, पिळायचं नाही, सुई वाकते. सिरिंज साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायच्या, फ्रिजची गरज नाही. काही सिरिंजमध्ये सुई बाहेर काढून दट्ट्या जोरात दाबला की प्लॅस्टिकची नळी खटकन सरकून सुई झाकते. ते करताना टोक स्वतःपासून लांब धरा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायची. वेळ रोजची एकच ठेवा. मात्रा चुकली तर डॉक्टरांना फोन करा, दुसऱ्या दिवशी दोन मिळून घेऊ नका. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही आपल्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. दाताच्या डॉक्टरांसकट प्रत्येकाला हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा. सुरुवातीला प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) आणि किडनीच्या तपासण्या झाल्या नसतील तर विचारा: हे औषध बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं, आणि क्वचित कुणाच्या प्लेटलेट यामुळे घसरतात.

शेवटचे आठवडे हा या सगळ्यातला खरा अवघड भाग. पाठीतून भूल द्यायची असेल, मग ती सिझेरियनसाठी असो की कळांसाठी, तर माझ्यासारख्या कमी मात्रेनंतर किमान १२ तास आणि मोठ्या मात्रेनंतर किमान २४ तास जावे लागतात. नाहीतर मणक्याजवळ रक्त साचून नसांवर दाब येऊ शकतो. पण कळा घड्याळ बघून येत नाहीत. त्यामुळे रोज संध्याकाळी पोट कडक झालं की प्रश्न: ही खोटी कळ आहे की आज सुई टाळायची? मला दिलेला नियम सोपा होता आणि तो मी कपाटाच्या दारावर चिकटवला होता: कळा, पाणी किंवा रक्त, यातलं काहीही सुरू झाल्यासारखं वाटलं तर पुढची सुई घ्यायची नाही, आधी फोन. शंका असेल तरीही आधी फोन. दोनदा उगाच फोन झाला, कोणी रागावलं नाही.

माझी कळा आणायची तारीख ठरवलेली होती, म्हणून आदल्या दिवशीची सुई कधी घ्यायची हे लेखी मिळालं. तुमची तारीख ठरलेली नसली तर आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या. ऐन वेळी भेटणाऱ्या भूलतज्ज्ञांचा पहिला प्रश्न ‘शेवटची सुई किती वाजता?’ हाच असतो. मी रोजची वेळ फाइलच्या पहिल्या पानावर लिहीत होते, कळा सोसत आठवत बसावं लागलं नाही.

बाळ झालं की सुटलो असं वाटतं. नाही. गुठळी होण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. रक्तस्राव बघून डॉक्टरांनी काही तासांनी सुई पुन्हा सुरू केली. दूध पाजायला अडचण नाही. दुधात ते नगण्य उतरतं आणि बाळाच्या पोटातून शोषलं जात नाही. पोट सैल पडल्यामुळे चिमूटही परत सहज मिळायला लागली. अवघड झालं ते लक्षात ठेवणं. दिवस-रात्र एक झालेली, सगळ्या घराचं लक्ष बाळाकडे, आणि गरोदरपणात ‘आज घेतलंस ना?’ विचारणारी माणसंच आता विचारत नव्हती. मी ते काम नवऱ्याकडे सोपवलं: तू टोचू नकोस, फक्त विचार.

या सहा आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर गुठळीची शंका घेऊन त्याच रात्री दवाखाना गाठा. ‘बाळंतिणीचं अंग सुजतंच’ असं कोणीतरी नक्की म्हणेल. त्यांना म्हणू दे, तुम्ही निघा.