थर्मल दुर्बीण: सहा महिने, एक भांडण आणि ते 'टक्'

थर्मल दुर्बीण म्हणजे उजेड नाही तर उष्णता बघणारी; अंधारात जनावर चमकताना दिसतं. परवा दुकानाकडून माझ्या बिघडलेल्या दुर्बिणीची बदली आली, म्हणून आता लिहायला बसलोय. मार्चमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच झाल्या असत्या.

३८४ बिंदू रुंदीचा सेन्सर, ३५ मिमी लेन्स, १८६५० ची (बोटाएवढी, चार्ज होणारी) बॅटरी. किंमत साडेअकराशे पौंड. बायकोला आकडा पौंडातच सांगितला, रुपयांचा गुणाकार मनातल्या मनात केला.

बंदूक माझ्याकडे नाही, परवानाही नाही. मी इंग्लंडमध्ये, विल्टशर परगण्यात राहतो. गावाबाहेर मेंढ्या पाळणारा एक म्हातारा शेतकरी आहे; रायफल त्याची, जमीन त्याची, हुकूमही त्याचाच. मी मागून दुर्बीण घेऊन चालतो आणि 'डावीकडे, झुडपाच्या टोकाला' असं कुजबुजतो. नोव्हेंबर ते मार्च रो या छोट्या जातीच्या हरणांच्या माद्या, आणि कोकरं जन्मायच्या सुमारास कोल्हे. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी तुरुंगात जाणार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते खरंच आहे. इथे लांडगे आणि लिंक्स (मोठं रानमांजर) कित्येक शतकांपूर्वी संपले, हरणांना खाणारं कोणी उरलं नाही आणि नवी लावलेली रोपं ती शेंड्यापासून कुरतडतात. आईला हे पटलं नाही. असो.

आता मुद्द्याचं. ही दुर्बीण दर दोन-तीन मिनिटांनी 'टक्' करते. आत एक छोटं झाकण सेन्सरसमोर पडतं, चित्र क्षणभर गोठतं, मग पुन्हा स्वच्छ होतं. दिवाणखान्यात ऐकूही येत नाही. पण नोव्हेंबरातली संध्याकाळ, वारा पडलेला, ऐंशी पावलांवर मादी चरतेय आणि म्हातारा श्वास रोखून बसलाय, अशा वेळी ते 'टक्' म्हणजे देवळात कुणीतरी स्टीलचं ताट पाडावं तसं. मादीने मान वर केली. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचे पैसे परत मिळत नाहीत.

डिसेंबरपर्यंत मी या टक्पायी सगळ्या दुर्बिणीला एक तारा देऊन मोकळा झालो होतो. मग मेनूच्या तिसऱ्या पानावर सापडलं की ते आपोआप होणं बंद करता येतं. चित्रावर रेघा यायला लागल्या की लेन्सवर हात ठेवायचा, बटण दाबायचं, आवाज न होता काम होतं. पुस्तिकेत यावर एक ओळ आहे, तीही वाचवत नाही इतक्या बारीक अक्षरात. म्हणजे चूक निम्मी माझी. शिवाय म्हाताऱ्याने नंतर सांगितलं की त्या मादीने मान टकमुळे नाही, वाऱ्यामुळे वर केली. वारा फिरला होता आणि माझ्या जॅकेटला फोडणीचा वास होता. तरी मला ते टक् अजून खटकतं.

बाकी कामाला चोख आहे. संध्याकाळी दिवसभर तापलेले दगड हरणासारखे चमकतात, तेवढं लक्षात ठेवा. गाडीच्या काचेतून काहीच दिसत नाही, काच खाली करावीच लागते आणि जानेवारीत त्याचा अर्थ काय ते तुम्हाला कळेल. धुक्यात निम्मा उपयोग. काटेरी तार दिसत नाही. माझी नवी पँट त्यातच फाटली. खोक्यावर लिहिलंय '१८०० मीटर'. तेवढ्या लांबून एक पांढरा ठिपका दिसतो, तो हरीण आहे की मेंढी ते देव जाणे. कोल्हा म्हणून खात्री मला दोनशे मीटरच्या आतच देता आली. एकदा मी 'कोल्हा, कोल्हा' केलं आणि तो बॅजर (बिळात राहणारा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी) निघाला. त्याला मारणं गुन्हा. म्हाताऱ्याने स्वतः ओळखल्याशिवाय बोट घोड्याकडे नेलं नाही, म्हणून वाचलो.

सूर्य मावळून तासभर झाला की इंग्लंडमध्ये हरणावर गोळी झाडता येत नाही. त्यानंतर दुर्बिणीत हरणं दिवाळीच्या पणत्यांसारखी ओळीने दिसतात आणि आपण नुसतं बघायचं. खरं सांगतो, मला तो भागच जास्त आवडायला लागला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भुरभुर पावसात दुर्बीण बंद पडली. चार्जिंगच्या भोकावरचं रबर सैल झालं होतं. दुकानाचं उत्तर: 'आत ओलावा गेलाय, वॉरंटीत बसत नाही, दुरुस्ती ३१० पौंड.' अहो, खोक्यावर आयपी६७ छापलंय! म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी टिकायला हवी. मी पाण्यात टाकली नव्हती, खिशात होती. तर म्हणे कंपनीशी बोला.

इथे राहणाऱ्यांनी हे पाठ करा: २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे जबाबदारी विकणाऱ्याची असते, आणि पहिल्या सहा महिन्यांतला बिघाड मुळातलाच होता असं धरलं जातं. तसं नव्हतं हे दुकानाने सिद्ध करायचं. मी तेवढंच दोन ओळींत लिहिलं, आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरलेत, बँकेकडेही दावा करता येतो, हे खाली जोडलं. नऊ मेल, तीन आठवडे. शेवटी 'सदिच्छा म्हणून' नवी पाठवली. सदिच्छा!

त्या तीन आठवड्यांत म्हाताऱ्याची दोन कोकरं गेली. दुर्बीण असती तर वाचली असती असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

हंगामाअखेर त्याने हरणाचा एक खांदा दिला. चरबी नावाला नाही. मटणासारखं भराभर परतलं तर चप्पल होते. तेल सढळ, खोबऱ्याचं वाटण भरपूर आणि मंद आचेवर दोन तास.

नव्या दुर्बिणीचं चार्जिंगचं रबर घट्ट आहे. डोळ्याजवळचं मात्र पहिल्याच रात्री निघालं, त्यामुळे पडद्याचा उजेड तोंडावर पडतो. सुट्या रबराचे २८ पौंड मागतात. मी सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली आहे. आणि हो, हीही 'टक्' करतेच, जराशी हळू.