भोसरीतल्या वर्कशॉपमधली सहा आठवड्यांची ट्रेनिंग, पाचपैकी चार स्टार

भाचा डिप्लोमाला आहे, परवा विचारत होता मामा ट्रेनिंग कुठं करू, म्हटलं लिहूनच टाकतो. 2019 च्या उन्हाळ्यात चौथं सेम संपल्यावर एमएसबीटीईच्या (डिप्लोमाचं राज्य बोर्ड) आय स्कीममधली (तेव्हाचा अभ्यासक्रम) ती सहा आठवड्यांची ट्रेनिंग मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये केली. नाव टाकत नाही कारण कुरकुर पण करायचीय.

स्टायपेंड शून्य. चहा स्वतःच्या पैशानं. पहिला आठवडा नुसतं बर (कापलेल्या धातूच्या कडेला राहिलेली धारदार कुसळं) काढणं आणि चिप्स, म्हणजे मशीनखालचा धातूचा कीस, भरणं, मालक तर "ए कॉलेज" म्हणूनच हाक मारायचा. आमच्या वर्गातल्या एकानं कुठंतरी पैसे भरून एसीत बसून सर्टिफिकेट आणलं, त्याची डायरी माझ्यापेक्षा भारी आणि मार्कपण जास्त, जाम जळली होती तेव्हा.

पण ग्राइंडरवरचे काका! एकदा त्यांनी मला शाफ्ट ग्राइंडरवर घासून मापात आणायला दिला, कूलंटची (जॉब थंड ठेवणारं पाणी) धार नीट लागत नव्हती, मी जॉब उतरवला की लगेच मायक्रोमीटर लावला, साईझ ओके, मी खूश. काका म्हणाले ठेव तिकडं, चहा पिऊन ये. आलो, परत मापला, अंडरसाईज! गार होऊन आकसून मापापेक्षा बारीक झालेला. 50 मिमीचा स्टीलचा शाफ्ट 20 डिग्रीनं जास्त गरम असला तर 11-12 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) फुगलेला असतो आणि स्मॉल एच6 ला (ड्रॉइंगवरचा मापाचा ग्रेड) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरकच अख्खा 16 मायक्रॉन. एक्स्पान्शनचा फॉर्म्युला पाठ होता हो मला, पेपरात लिहूनपण आलेलो. जॉब भंगारात गेला आणि काकांनी मालकाला सांगितलं, "माझ्याकडून गेला."

पुढं डिग्री केली, आता चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, इंटरव्ह्यूत हाच किस्सा सांगितला होता. गेल्या वर्षी माझ्याकडं एक ग्रॅज्युएट अप्रेंटिस दिली, तिला स्टायपेंड तरी मिळतो, 2019 च्या नियमानं महिन्याला किमान 9000 ठरला होता आणि नॅट्समधून (सरकारची अप्रेंटिस योजना) त्यातला निम्मा सरकार द्यायचं. खरं सांगू का, तिला शिकवताना जी मजा येते ती रिपोर्ट आणि मीटिंगांत नाही, आणि शिकवायची पद्धत सगळी काकांचीच, आधी चुकू द्यायचं मग बोलायचं. ऑडिटच्या आठवड्यात मात्र मीपण खेकसतो.

भाच्याला सांगितलंय, कंपनीचं गेट किती मोठं ते बघू नको, कोणाच्या हाताखाली देणार ते आधी विचार. काका अजून तिथंच आहेत, तेवढ्यासाठी चार स्टार. एक चहाचा कापला.