जुन्या भावुक पॉप गाण्यांसाठी युकुलेले की गिटार?

खानापूरच्या माझ्या भाचीला जुनी, अंमळ जास्तच गोड पॉप गाणी घरच्या मंडळींत वाजवायची आहेत. पण युकुलेले (गिटारसारखेच, पण लहान, चार तारांचे वाद्य) घ्यावे की गिटार, हे तिचे ठरत नाही.

बोटांच्या कष्टांत युकुलेले निर्विवाद उजवे आहे. अशा असंख्य गाण्यांचा डोलारा सी, ए मायनर, एफ आणि जी या चार कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांवर, उभा असतो. युकुलेलेवर सीसाठी जमिनीकडच्या तारेवर तिसऱ्या घरात (दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत) एकच बोट पुरते, ए मायनरलाही एकच. गिटारवर मात्र पूर्ण एफ धरताना पहिले बोट सहाही तारांवर आडवे दाबावे लागते आणि अनेक नवशिके तिथेच हात टेकतात.

आवाजाचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नेहमीच्या जुळणीत युकुलेले मधल्या सीच्या (पियानोच्या साधारण मध्यावरच्या सी स्वराच्या) खाली उतरत नाही, त्यामुळे विरहगीताला हवा असलेला खर्ज त्यात सापडत नाही. गिटार तो भरभरून देते. हलक्या ठेक्याचे गाणे मात्र युकुलेलेवरच खुलते.

साधे युकुलेले सहसा स्वस्त पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात गिटारच्या पोलादी तारा गंजतात. युकुलेलेच्या नायलॉनच्या तारा गंजत नाहीत, पण नव्या असताना वरचेवर सुरातून उतरतात.

लवकर गाता-वाजवता यावे, लहान मुलांनाही सामील करावे, असे वाटणाऱ्याने युकुलेले घ्यावे. आवाज खर्जात रमणाऱ्याने आणि रोज रियाज करू शकणाऱ्याने गिटार घ्यावी. भाचीला मी युकुलेलेच सुचवले आहे.