पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलून आठ महिने झाले : घूंऽऽ आवाज कसा सापडला आणि दुसऱ्यांदा कसा गेला

माझी गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. नोकरी पुण्यात आणि आई-बाबा साताऱ्यात, त्यामुळे दर शनिवार-रविवारी जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर ठरलेले. गेल्या वर्षी पाऊस संपता संपता 50 च्या पुढे गेलं की पुढून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. 80 ला तो इतका चढायचा की मागे बसलेल्या आईशी मोठ्यानं बोलावं लागे. 40 च्या खाली आलं की गायब.

पहिल्यांदा टायरच्या दुकानात गेले. पुढच्या टायरवर हात फिरवून त्यांनी "ताई, टायर खाल्लेत" असं सांगितलं, आणि ते खरंच होतं, आतल्या कडेला झीज होती. दोन टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग मिळून 9,200 रुपये गेले. आवाज मात्र तसाच राहिला. टायर आज ना उद्या घ्यावेच लागले असते, पण निदान चुकलं होतं आणि त्यात माझा दीड महिना गेला.

मग बाबांच्या ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी मला बाजूला बसवलं आणि गाडी स्वतः चालवली. त्यांनी केलेल्या तपासण्या सविस्तर लिहिते. पाना हातात न घेता अर्धं निदान त्यातूनच होतं.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर 70 ला त्यांनी क्लच दाबला आणि ॲक्सिलरेटर सोडला. इंजिनाचे फेरे खाली आले, आवाज होता तसाच चालू राहिला. म्हणजे पट्टा, अल्टरनेटर, इंजिनाशी बांधलेलं काहीच नाही. आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला. (हे करताना इंजिन चुकूनही बंद करायचं नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.) ॲक्सिलरेटर दिला-सोडला तरी सूर बदलत नव्हता, म्हणून गिअरबॉक्सवरचाही संशय कमी झाला. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर आलो तरी आवाजाची जात तीच राहिली. टायरचा आवाज असता तर रस्ता बदलताच तो बदलला असता.

आणि मग वळण. गाडी डावीकडे वळवली की आवाज वाढायचा, उजवीकडे वळवली की जवळजवळ विरायचा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून दोष उजव्या बाजूला. खंबाटकीच्या वळणांवर हे मी आधी कितीदा ऐकलं होतं, पण अर्थ कळत नव्हता. शेवटी काकांनी गाडी जॅकवर घेतली, चाक हातानं फिरवलं आणि माझी बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायला लावली. उजवीकडे जात्यासारखी बारीक खरखर बोटांना लागली. डावीकडे काहीच नाही. वर-खाली धरून चाक हलवलं तर ढिलेपणा नव्हता. म्हणजे दोष उजव्या बेअरिंगचा, दोन रिंगांमध्ये गोळ्या असलेला जो भाग चाकाला फिरू देतो त्याचा. बेअरिंग ढिलं न होताही आवाज करतं, हे तेव्हा समजलं.

काकांनी आता मोठी कामं सोडली आहेत, म्हणून बेअरिंग मी पुण्यात घराजवळच्या गॅरेजमध्ये बदलून घेतलं, 78,200 किलोमीटरला. आवाज लगेच गेला. मी खूश. तीन महिन्यांत, 82,000 च्या आसपास, तोच घूंऽऽ पुन्हा सुरू झाला, त्याच चाकात.

दुसऱ्या वेळी मी प्रेस (न ठोकता भाग सरळ दाबून बसवायचं यंत्र) असलेलं वर्कशॉप शोधलं आणि काम होईपर्यंत तिथेच उभी राहिले. काढलेलं बेअरिंग तिथल्या दादांनी मला उघडून दाखवलं. गोळ्या जिथून पळतात त्या चकचकीत वाटेवर सारख्या अंतरावर बारीक खळगे पडलेले होते, नख फिरवलं की अडकत होतं. गोळ्यांमधलं अंतर तेच खळग्यांमधलं अंतर. बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवल्याची ती खूण.

आमच्या गाडीत बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा, सस्पेन्शनला जोडलेला लोखंडी भाग) दाबून बसतं आणि त्याच्या आत हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) दाबून बसतो. नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर पडायला हवा. हब बसवताना आतल्या रिंगला आधार हवा. उलटं केलं किंवा ठोकलं, तर सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका कडेला चुंबकी रिंग असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूलाच यायला हवी. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी कडी) नवी, ॲक्सलचा नट नवा, आणि तो नट टॉर्क रेंचनं (मोजून जोर लावणारा पाना) कंपनीच्या मापाला, गाडीचा भार चाकावर यायच्या आधी. नुसत्या हवेच्या गननं दाबून सोडून द्यायचा नाही. मजुरी 900 रुपये, पहिल्या वेळेपेक्षा 300 जास्त. ते 300 रुपये मी कधीही आनंदानं देईन.

सुटा भाग यावेळी अधिकृत डीलरकडून, बिलासकट घेतला. बेअरिंगच्या नकली डब्या बाजारात भरपूर आहेत, आणि माझ्या पहिल्या बेअरिंगचं बिलच नव्हतं. मात्र ते खळगे पाहिल्यापासून माझं मत पक्कं झालंय: भाग चांगला असणं जितकं गरजेचं, त्याहून जास्त गरजेचं तो बसवणारा हात.

आता आठ महिने आणि 11,000 किलोमीटर झाले. त्यात एक अख्खा पावसाळा, पुण्यातले खड्डे, एकदा चाकाच्या निम्म्यापर्यंत आलेलं पाणी. आवाज नाही. एबीएसचा दिवा लागलेला नाही. हजार किलोमीटरनंतर आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा चाक उचलून स्प्रिंगवर बोटं ठेवून बघितलं, गुळगुळीत. लांबच्या प्रवासानंतर दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन ऊब सारखी आहे का तेही बघते, थेट हात न लावता, कारण ब्रेकची डिस्क चटका देते.

कात्रजच्या बोगद्यात मी अजूनही डावीकडची काच चार बोटं खाली घेते. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे बारीक गुणगुणही कळते. डाव्या बाजूचं बेअरिंग अजून मूळचंच आहे, 93,000 झालेलं. गेल्या रविवारी तिथून काही आलं नाही, फक्त टायरची सरसर.